मर, वांझ आणि बुळकांडी : रोगांची नावे आणि रोगांची कारणे



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, तेव्हा मी संतवाङ्मयावर अथवा सीमाभागातील मराठीवर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. विषय कळविल्यावर मुख्याध्यापकांनी दूरध्वनी करून, ‘सर, पत्रिकेत छापायचा विषय हाच ना?’ अशी खात्री करून घेतली. हाच. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने जनावरांच्या आणि पिकांच्या रोगांवर बोलावे यात थोडा आगाऊपणा आहे हे मला मान्य आहे. परंतु त्याला एक कारण घडले.

सन २०२२ चा डिसेंबर. कलबुर्गी, बीदर आणि यादगीर या तीन जिल्ह्यांत तूर उभ्या उभ्या वाळत होती. पावसाळ्यात शेते तुंबली होती. पुढे पीक सावरले, फुलावर आले, शेंगाही धरल्या आणि ऐन दाणा भरण्याच्या वेळी झाडे माना टाकू लागली. कानडीत त्याला ‘नेटे रोग’ म्हणतात, आपण ‘मर’ म्हणतो. पुढे जानेवारी २०२३ मध्ये राज्य सरकारने हेक्टरी १०,००० रुपये भरपाई जाहीर केली, यावरून नुकसानीची कल्पना यावी. माझ्या पुतण्याने तोवर दुकानदाराने दिलेले औषध तीन वेळा फवारले होते. तो मला म्हणाला, ‘‘काका, तुम्ही पीएच.डी. आहात. मग ही तूर का वाळते ते तेवढे सांगा.’’ माझी पीएच.डी. महानुभाव गद्यावर आहे हे सांगून सुटका करून घेता आली असती. पण प्रश्न खरा होता, आणि उत्तर शोधता शोधता माझ्या ध्यानात आले की त्याची निम्मी अडचण शेतीची नसून शब्दाची आहे. म्हणून मी या विषयाकडे वळलो. मला शेतीशास्त्र आणि पशुवैद्यक शिकविले ते माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांनी. चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

आपल्या पूर्वजांनी रोगांना दिलेली नावे पाहा. पानावर तांब्याच्या रंगाची पूड दिसली, नाव पडले तांबेरा. पांढुरकी बुकटी दिसली, ती भुरी. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटल्या, तो गोसावी. ज्वारीचे ताट वाऱ्यावर पोकळ वाजू लागले, तो खडखड्या. जनावराच्या फऱ्याला सूज आली, तो फऱ्या. डोळ्याला जे दिसले आणि कानाला जे ऐकू आले, त्याची ही नोंद आहे. आणि ती इतकी नेमकी आहे की आजही शेतीचे पदवीधर त्याच नावांवर काम भागवितात. ‘रोग’ हा शब्दही ‘रुज्’ या धातूपासून आलेला, त्याचा अर्थ मोडणे. काहीतरी मोडले एवढे तो सांगतो. कोणी मोडले ते सांगत नाही.

कोणी मोडले याचा शोध एकोणिसाव्या शतकात लागत गेला. युरोपात बटाट्याच्या करप्याने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. त्यानंतर बुरशीसदृश सूक्ष्म जीव रोगाचे फळ नसून रोगाचे मूळ आहेत, हे जर्मनीच्या डी बॅरी यांनी १८६१ च्या सुमारास दाखविले. १८७६ मध्ये रॉबर्ट कॉक यांनी जनावरांच्या फाशी या रोगाचा जिवाणू वेगळा वाढवून दाखविला. १८९८ मध्ये बेइरिंक यांनी तंबाखूच्या पानांवरील रोगासंबंधी, आणि लोफ्लर व फ्रॉश यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकुतासंबंधी असे दाखविले की, जिवाणू अडतील अशा गाळणीतूनही पार होणारे काही कारण असते. त्याला पुढे विषाणू म्हणू लागले. एकाच वर्षी वनस्पतीचा आणि प्राण्याचा विषाणू ओळखला जावा हा योगायोग मला फार आवडतो.

आता तुरीकडे येऊ. ‘मर’ हे नाव काय सांगते? झाड मेले, एवढेच. पण तुरीचे झाड मारणारे निदान तीन निरनिराळे जीव आपल्या शिवारात आहेत, आणि तिघांची मारण्याची रीत वेगळी आहे.

पहिली खरी मर. तिची बुरशी फ्युजेरियम उडम या नावाने ओळखली जाते. हिचा अभ्यास प्रथम केला एडविन बटलर यांनी, बिहारमधील पुसा येथे. १९०६ मध्ये त्यांनी तुरीच्या मरीवर लिहिले आणि १९१० मध्ये बुरशीला हे नाव दिले. बटलर स्वतः आयर्लंडचे, म्हणजे त्या बटाटा-दुष्काळाच्या भूमीतले. ही बुरशी जमिनीत, मागच्या हंगामाच्या धसकटांवर दबा धरून राहते. तुरीची कोवळी मुळी जवळ आली की तिच्यातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत जाऊन बसते. झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोचविणाऱ्या त्या बारीक नळ्यांत बुरशीचे धागे वाढतात. झाडही स्वस्थ बसत नाही. शत्रू पुढे सरकू नये म्हणून ते आपल्याच नळ्यांत डिंकासारखा द्रव आणि फुग्यांसारख्या गाठी भरून वाट बंद करते. मात्र वाट बंद झाली की पाणीही बंद होते. म्हणजे झाड मरते त्यात बुरशीचा हात जेवढा, तेवढाच झाडाच्या स्वतःच्या बचावाचा. जमिनीत ओल असताना झाड तहानेने मरते ते यामुळे. शेंगा भरताना पाण्याची गरज सर्वांत जास्त, म्हणून ते त्याच वेळी उघडकीस येते. लागण मात्र कित्येक आठवडे आधी झालेली असते. खूण अशी : खोडावर बुंध्यापासून वर चढणारा जांभळट पट्टा, आणि खोड उभे चिरले तर आतल्या लाकडात काळपट-तपकिरी रेघा. मुळे मात्र वरकरणी धड दिसतात.

दुसरी मर मुळकुजीची. तिची बुरशी मॅक्रोफोमिना. हिला नळ्यांत बसून राहण्याचा संयम नाही. ही मुळाच्या पेशी आधी मारते, त्या कुजविते आणि मग खाते. जमीन तापली, ओल तुटली, झाड आधीच अडचणीत आले की हिला जोर चढतो. झाड उपटले तर सहज हातात येते, मुळे तटातट तुटतात आणि साल धाग्यांसारखी सुटते.

तिसरी फायटोफ्थोराची. ही तर बुरशीच नव्हे. दिसायला बुरशीसारखी, पण हिच्या पेशीभित्ती निराळ्या द्रव्याच्या असतात आणि हिची बीजे पाण्यात पोहतात. आयर्लंडचा बटाटा नासविणारी ती हिचीच सख्खी बहीण. सखल, पाणी तुंबलेल्या वावरात रोपे लहान असतानाच ही खोडावर तपकिरी चट्टा पाडते, चट्टा खोडाला वेढतो आणि रोप तिथेच मोडते.

आता पुतण्याच्या तीन फवारण्यांचे काय झाले ते पाहा. पानांवर मारलेले औषध जमिनीखालच्या मुळापर्यंत पोचत नाही, म्हणून पहिल्या मरीला त्याचा उपयोग नाही. रोग नजरेस पडतो तोवर आतल्या नळ्या भरून गेलेल्या असतात. तिसरीला तर नेहमीचे कार्बेन्डाझिम मुळातच लागू पडत नाही, कारण ते ज्या बुरशांसाठी बनले त्यांच्या कुळातली ती नाही. तेथे मेटॅलॅक्झिलसारखे वेगळे औषध लागते, आणि त्याहून आधी पाण्याचा निचरा लागतो. आपले जाणते लोक सांगत आले की तुरीत ज्वारी घाला, किंवा एक वर्ष तुरीऐवजी ज्वारी घ्या. पहिल्या मरीपुरता हा सल्ला अगदी खरा आहे. फ्युजेरियम उडम तुरीवरच जगते, ज्वारी तिचे अन्न नाही, म्हणून ती जमिनीत कमी होत जाते. परंतु मॅक्रोफोमिना ही ज्वारीला खडखड्या आणणारी तीच बुरशी आहे! तिच्या वावरात ज्वारी पेरली तर आपण तिची उपासमार करीत नाही, तिला दुसरे ताट वाढतो. एका शब्दाखाली तीन मारेकरी लपले की सल्ला बरोबर असूनही चुकतो, तो असा. २०२२ साली शेतात उभे राहून ‘मर आहे, फवारा’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. झाड उपटून खोड चिरणारे फार थोडे.

याच्या उलट स्वभावाचा रोग त्याच शेतात असतो : वांझ. (हा शब्द माणसांच्या बाबतीत आपण किती निर्दयपणे वापरतो याविषयी स्वतंत्र व्याख्यान देता येईल, आज नको.) वांझ झालेली तूर मरत नाही. ती हिरवी राहते, झुडपासारखी दाट होते, पाने लहान व फिकट-गर्द ठिपक्यांची होतात, आणि फूल धरत नाही. शेजारची झाडे शेंगा पिकवून वाळली तरी ही हिरवीच. परक्या गावाहून आलेला पाहुणा तिचे कौतुक करील. इंग्रजीत तिला हिरवी महामारी म्हणतात ते योग्यच.

झाड का मरत नाही? कारण येथे शत्रू विषाणू आहे. विषाणूला स्वतःचे पोट नाही, यंत्रसामग्री नाही. जिवंत पेशीत शिरून तिच्याच यंत्रावर स्वतःच्या प्रती काढून घेणे एवढाच त्याचा संसार. पेशी मेली की त्याचे घर गेले. कुजलेल्यावर जगू शकणाऱ्या मॅक्रोफोमिनाला झाड मारणे परवडते. विषाणूला या झाडात ते परवडत नाही. आणि दुसरी अडचण अशी की वनस्पतीच्या पेशीला भक्कम भिंत असते. ती भेदून शिरण्याचे सामर्थ्य विषाणूत नाही. त्याला कोणीतरी भोक पाडून द्यावे लागते. तुरीत ते काम करतो एक कोळी, साध्या डोळ्यांना न दिसणारा, मिलिमीटरच्या पावपट लांबीचाही नसलेला. तो उडू शकत नाही. वारा नेईल तिकडे जातो, आणि तुरीवाचून व तिच्या रानटी भावंडांवाचून त्याचे चालत नाही.

या रोगाची पहिली नोंद १९३१ ची, पुन्हा पुसाचीच. कोळी हा वाहक आहे हे १९६० च्या दशकात ठरले. विषाणू मात्र हाती लागेना. शोध लागला तो नव्या शतकाच्या आरंभी, आपल्या बीदर-हैदराबाद रस्त्यावरच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत, स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने. सुमारे सत्तर वर्षे कारण अज्ञात होते. रोगाला नाव होते, कर्त्याला नव्हते. तरी त्या सत्तर वर्षांत उपाय थांबले नव्हते. बांधावर वर्षानुवर्षे राहणारी तूर आणि खोडव्याची तूर उपटून टाका, हा सल्ला विषाणू दिसण्याच्या आधीच दिला जात होता आणि तो बरोबर होता. कोळ्याला व विषाणूला उन्हाळ्यात आसरा मिळतो तो अशाच झाडांवर. बी मात्र निर्दोष असते, हा रोग बियातून जात नाही.

ज्वारीच्या काणीचे नेमके याच्या उलट. तिची बुरशी बियाला चिकटून येते, रोपाबरोबर गुपचूप वाढते, ताटाला काही होऊ देत नाही आणि शेवटी दाण्याच्या जागी काळी पूड भरते. म्हणून तेथे पेरणीपूर्वी किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळले की काम होते. आमच्या घरी हे काम आई पेरणीच्या आदल्या दिवशी करीत असे. इतका स्वस्त आणि इतका पक्का उपाय शेतीत दुसरा मी पाहिला नाही.

प्राण्यांच्या शरीराची घडण निराळी. तेथे पेशींना कठीण भिंत नाही, आणि सर्व अंगभर फिरणारे रक्त आहे. त्यामुळे शत्रू एका जागी शिरला तरी तो, किंवा त्याचे विष, काही तासांत सर्वत्र पोचू शकते. झाड अनेक आठवडे मरते. बैल दीड दिवसात.

येथेही एका शब्दाची गोष्ट सांगतो. ‘घटसर्प’ म्हटले की शहरातल्या आईला लहान मुलाच्या घशाचा रोग आठवतो, आणि गावातल्या शेतकऱ्याला म्हशीचा. दोन्हींत गळा धरतो, श्वास घर्रघर्र वाजतो, सर्पाने विळखा घालावा तसा जीव गुदमरतो. म्हणून नाव एक. पण जिवाणू दोन, आणि वर्तनही दोन प्रकारचे. मुलाच्या घटसर्पाचा जिवाणू बहुधा घशातच ठाण मांडून बसतो; तो स्वतः फारसा पुढे जात नाही, त्याचे विष रक्तातून हृदयापर्यंत जाते. म्हणूनच १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी विषावर उतारा शोधला, तो लागू पडला. म्हशीच्या घटसर्पाचा पाश्चुरेला हा जिवाणू स्वतःच रक्तात शिरतो आणि अंगभर वाढतो. तेथे एकट्या विषाचा उतारा देऊन भागत नाही. पहिल्या काही तासांत जिवाणू मारणारे औषध मिळाले तर जनावर वाचते, नाहीतर नाही. म्हशीचा घटसर्प मुलाला होत नाही. हे सांगण्याचे कारण असे की, गोठ्यात घटसर्प झाला म्हणून घरातली मुले आजोळी पाठविल्याचे मी पाहिले आहे, आणि ज्या घरांत मुलांना लस टोचून घेतली नव्हती त्यांतलेच ते एक घर होते.

फऱ्याविषयी मला पुस्तकात वाचावे लागले नाही. १९६० च्या आगेमागे, मी दुसरी-तिसरीत असताना, आमच्या घरी देवणी जातीची एक कालवड होती. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, गोठ्यातली सर्वांत भरलेली. मृगाचा पाऊस झाला आणि आठ दिवसांत ती मागच्या पायाने लंगडू लागली. फऱ्यावर सूज; हात दाबला की कागद चुरगळल्यासारखा आवाज. लोखंड तापवून डाग दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ‘नजर लागली, म्हणून चांगलीच गेली’ असे सगळे म्हणाले. ओढ्याकाठी तिचे कातडे काढले आणि देह तिथेच टाकला. पुढच्या पावसाळ्यात त्याच ओढ्याकाठी चरणारी आणखी दोन वासरे तशीच गेली.

या रोगाचा जिवाणू हवेचा वैरी आहे. बाहेर असताना तो बीजाचे रूप घेऊन, जणू कवच घालून, मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो. पावसाने माती हलते, कोवळ्या गवताबरोबर बीज पोटात जाते आणि तेथून मांसात जाऊन स्वस्थ बसते. मार लागला, स्नायू ठेचला, तेथे प्राणवायू कमी पडला की बीज जागे होते, मांस कुजविणारे विष सोडते आणि वायू तयार करते. चुरगळल्याचा तो आवाज या वायूचा. सहा महिने ते दोन वर्षे वयाची, चांगली खाल्लेली जनावरेच याला अधिक बळी पडतात. म्हणजे ‘चांगलीच गेली’ हे निरीक्षण खरे होते, नजर तेवढी खोटी. पावसाळ्यापूर्वी लस टोचली की हा रोग टळतो.

फाशी हा त्याचा दूरचा भाऊ. येथे बीज तयार होण्यासाठी हवा लागते, आणि त्यामुळे एक गोष्ट जीवनमरणाची ठरते. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर त्याचे कातडे काढू नये, देह फाडू नये. न फाडलेल्या देहात कुजण्याच्या क्रियेने जिवाणू मरून जातात. फाडला की रक्ताला हवा लागते, लक्षावधी बीजे तयार होतात आणि ती जागा अनेक दशके विषारी होऊन बसते. शिवाय हा रोग माणसाला होतो. खोल खड्डा, चुना आणि पशुवैद्यकाला निरोप, एवढेच करावे.

आणि बुळकांडी. येथे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना हा शब्द ठाऊक असेल, विद्यार्थ्यांना नसेल. ही हिंदुस्थानातील गुरांची सर्वांत मोठी महामारी. तिच्या विषाणूचे लक्ष्य दुहेरी : तोंडापासून आतड्यापर्यंतचे आतले अस्तर, आणि रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी. अस्तर सोलवटून गेले की हगवण लागते, अंगातले पाणी निघून जाते आणि जनावर आठवड्या-दीड आठवड्यात आडवे होते. जिथे ती नव्याने शिरे तिथे शंभरातली ऐंशी-नव्वद गुरे नेई.

गुरांच्या अशा साथींचा अभ्यास करण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात एक सरकारी प्रयोगशाळा निघाली. रोगजंतू बाहेर निसटू नयेत म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वर येथे, वस्तीपासून दूर नेली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. तेथे १९२० च्या दशकात एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांतून वारंवार नेऊन सौम्य केला आणि त्याची लस बनविली. १९५४ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली. पुढे त्याहून सौम्य आणि खात्रीची लस आली. भारतातला अखेरचा उद्रेक १९९५ चा. २००६ मध्ये देश मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सर्व जगातून बुळकांडी नष्ट झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवी रोगानंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांचा पहिला.

हे जमले कशामुळे? विषाणूचा एकच प्रतिकारप्रकार होता, म्हणजे एक लस सर्वत्र चाले. बरे झालेले किंवा लस टोचलेले जनावर जन्मभर सुरक्षित राही. आणि विषाणू लपून राहील असा कायमचा वाहक नव्हता. लाळ्या-खुरकुताचे असे नाही. तोही विषाणूच, पण त्याचे सात प्रकार नोंदले गेले आहेत; एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही, लसीचा जोर काही महिन्यांत उतरतो आणि बऱ्या झालेल्या जनावराच्या घशात तो दीर्घकाळ राहू शकतो. म्हणून तेथे दर सहा महिन्यांनी टोचावे लागते. ‘मागच्या वर्षी टोचले होते की’ हे उत्तर बुळकांडीच्या काळात बरोबर ठरले असते, आज ठरत नाही. हीच माणसे, तोच पशुवैद्यक. फरक विषाणूच्या जातीत आहे.

ज्या २०२२ साली तुरी वाळल्या, त्याच साली गुरांच्या अंगावर गाठी उठल्या. लम्पी भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात आढळला आणि २०२२ मध्ये देशभर लाखाहून अधिक जनावरे दगावली. हा देवीच्या कुळातला विषाणू. माश्या, डास, गोचिडे त्याला पसरवितात. शेळ्यांच्या देवीची लस याला काही प्रमाणात चालली, ती कुळ एक म्हणूनच. जिवाणूंवरच्या इंजेक्शनांवर मात्र खूप पैसा गेला. ती इंजेक्शने फुटलेल्या गाठींतल्या पुवावर काम करतात, विषाणूवर नाही. बीदरमध्येच पशुवैद्यकीय विद्यापीठ असताना आपण किराणा दुकानाशेजारच्या सल्ल्यावर गोठा सोपवितो, याचे मला आश्चर्य वाटते.

आणखी जाती आहेत. गोचीड ताप आणणारा जीव एकपेशीय असतो आणि रक्तपेशींतच राहतो. उसाला गवतासारखे फुटवे आणणारा जीव जिवाणूच, पण पेशीभित्ती नसलेला. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तर चक्क प्राणी. त्यांच्या तपशिलात आज शिरत नाही.

पण एका भेदाविषयी बोललेच पाहिजे. गुराला लस टोचता येते, तुरीला येत नाही. प्राण्याच्या रक्तात काही पेशी एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवतात. लस म्हणजे त्या पेशींना शत्रूचे चित्र आधीच दाखविणे. वनस्पतीला रक्त नाही, फिरते शिपाई नाहीत. तिची प्रत्येक पेशी आपापल्या जागी लढते, प्रसंगी स्वतः मरून शत्रूची वाट अडविते. ही लढण्याची रीत तिला बियातून मिळते. म्हणून गुरासाठी सुई आणि पिकासाठी वाण. इक्रिसॅटने मरीच्या जमिनीत पेरून, जगली तेवढीच झाडे निवडून काढलेला ‘मारुती’ हा वाण, आय.सी.पी. ८८६३, कर्नाटकात १९८६ मध्ये प्रसारित झाला. मराठवाड्यातील बदनापूरच्या केंद्राने वांझ आणि मर दोन्हींना तोंड देणारा बी.एस.एम.आर. ७३६ दिला. मात्र मारुती मरीला खंबीर असला तरी वांझ रोगाला बळी पडतो, आणि मरीच्या बुरशीचेही निरनिराळे प्रकार असतात. एका गावात टिकलेला वाण दुसऱ्या गावात टिकेलच असे नाही. आपल्या वावरातला शत्रू कोणता, हे माहीत असल्याशिवाय वाणाचे नाव विचारण्यात अर्थ नाही.

मी पुतण्याला शेवटी एवढेच सांगू शकलो : झाडे उपट, चिर, आणि आण. त्याने अकरा झाडे आणली. सात खोडांत तपकिरी रेघा होत्या. चार झाडांची मुळे कुजलेली होती, आणि ती चारही वावराच्या मुरमाड टोकाची होती. एकाच वावरात दोन मरी निघाल्या. त्यांतली दोन झाडे आणि यंदा श्रावणात सखल वावरातून उपटून वाळविलेले तिसरे, अशी तीन खोडे शाळेच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवली आहेत. शेजारी चाकू आणि भिंग आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायची असतील त्यांनी विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर जावे. आपल्या वावरातले झाड आणले असेल तर तेही चिरून पाहता येईल.